येऊरच्या बंगल्यांतले ढेकूण: फवारणीनंतरही ते का परततात आणि शोध कुठून सुरू करावा

ठाण्यात उपवन तलाव मागे टाकून येऊरच्या चढाला लागले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेली वस्ती सुरू होते, आणि त्या वस्तीतच शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी भाड्याने दिले जाणारे बंगलेही आहेत. शहराच्या इतक्या जवळ जंगल असल्यामुळे पावसाळ्यात आणि थंडीत इथे सुट्टीचे दिवस क्वचितच रिकामे जातात. हे बंगले चालवणाऱ्यांकडून आणि सांभाळणाऱ्यांकडून एक तक्रार मात्र वर्षभर ऐकू येते. ढेकणांसाठी फवारणी केली, दोन-तीन आठवडे शांततेत गेले, आणि मग पुन्हा एखादा पाहुणा सकाळी दंडावरचे लाल चट्टे दाखवत उभा राहिला. त्यानंतर दुसऱ्या कंपनीला बोलावले जाते, अधिक जालीम औषध मारले जाते, खर्च वाढतो आणि महिनाभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ज्या ठिकाणी असे दोनदा घडले आहे, तिथे तिसऱ्यांदा औषध बदलण्याआधी जमिनीवर अंथरायच्या जादा गाद्या कुठून येतात, कुठे रचून ठेवल्या जातात आणि कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जातात हे तपासावे, असे माझे ठाम मत आहे. ढेकणाला उडता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. एका खोलीतून शेजारच्या खोलीत तो चालत जाऊ शकतो, परंतु एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात तो माणसाने उचलून नेल्याशिवाय जवळजवळ कधीच पोहोचत नाही. म्हणूनच या समस्येचा माग औषधाच्या नावावरून न काढता सामानाच्या वाटेवरून काढावा लागतो.

चावणारा ढेकूणच आहे याची खात्री

जंगलालगतच्या घरात ही खात्री करून घेणे शहरातल्या सदनिकेपेक्षा अधिक गरजेचे असते. येऊरमध्ये डास तर आहेतच. शिवाय बंगल्यावर कुत्री असतील तर पिसवा असू शकतात, आणि पिसवांचे चावे बहुधा घोट्याच्या आसपास असतात. रानात फिरून आलेल्या पाहुण्याच्या अंगाला गोचीड चिकटलेली असू शकते. छताखाली कबुतरांची घरटी असतील तर त्यांच्या अंगावरचे माइट, म्हणजे अतिशय बारीक परजीवी किडे, खोलीत उतरतात, आणि आढ्याला वटवाघळे असतील तर त्यांच्यावर जगणारा, ढेकणासारखाच हुबेहूब दिसणारा त्याचा भाऊबंदही माणसाला चावू शकतो. अशा वेळी गाद्यांवर कितीही औषध मारले तरी ते आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असे होते, कारण मूळ छतात असते.

केवळ चट्टे पाहून निदान करता येत नाही. ढेकणाच्या चाव्यावर त्वचेची प्रतिक्रिया काहींना काही तासांत येते, काहींना कित्येक दिवसांनी येते आणि काहींना अजिबात येत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की रविवारी सकाळी चट्टे दाखवणारा पाहुणा ते आदल्या आठवड्यातल्या दुसऱ्याच मुक्कामातून घेऊन आलेला असू शकतो, आणि ज्याला खरोखर तुमच्या बंगल्यात ढेकूण चावले त्याला ते गुरुवारी कार्यालयात बसल्यावर कळू शकते. त्यामुळे पाहुण्यांच्या तक्रारींची संख्या हे प्रादुर्भाव मोजण्याचे साधन होऊ शकत नाही. तक्रार नाही म्हणजे ढेकूण नाहीत, असेही नाही.

पुरावा डोळ्यांनीच शोधावा लागतो. त्यासाठी चांगला टॉर्च, जुने प्लास्टिकचे कार्ड आणि पांढरा ओला कापूस एवढे पुरते. गादीच्या कडेची शिवण बोटांनी उलगडून पाहावी. कापसाच्या गादीला मध्ये जे टाके घातलेले असतात त्यांच्या खळग्यांत पाहावे. पलंगाच्या फळ्यांचे सांधे, स्क्रूची खोबणी, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, सोफा-कम-बेडची बिजागरी, पडद्याची वरची दुमड, भिंतीवरच्या तसबिरीची पाठ आणि उशाजवळच्या स्विचबोर्डची फट ही नेहमीची ठिकाणे आहेत. फटीतून कार्ड सावकाश ओढले की आत दडलेला ढेकूण बाहेर येतो. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटर लांब, चपटा आणि तपकिरी असतो. रक्त प्यायल्यावर तो फुगून गडद लाल होतो. पिल्ले फिकट पिवळसर असल्याने पांढऱ्या चादरीवर नजरेतून सहज सुटतात, आणि अंडी जेमतेम एक मिलिमीटरची, पांढरी व पृष्ठभागाला चिकटलेली असतात. जिवंत ढेकूण नाही सापडला तरी त्याची विष्ठा सापडते. शाईच्या टोकाने टिंबे दिल्यासारखे काळे ठिपके दिसले तर त्यांवर ओला कापूस फिरवावा. डाग तांबूस-तपकिरी होऊन पसरला तर ते पचलेले रक्त आहे. टाकलेल्या पारदर्शक काती ही तिसरी खूण.

भारतात ढेकणांच्या दोन जाती माणसाच्या घरात आढळतात आणि आपल्या उष्ण, दमट किनारपट्टीला सायमेक्स हेमिप्टेरस ही उष्ण कटिबंधातली जात अधिक मानवते. साध्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात आणि उपायही एकच आहेत. फरक पडतो तो फक्त सापळ्यांच्या बाबतीत, आणि तो पुढे येईलच.

जादा गाद्यांचा माग

तीन शयनगृहांच्या बंगल्यात वीस-पंचवीस माणसांचा गट उतरणे ही येऊरमध्ये नवलाची बाब नाही. पलंगांवर सहा-आठ माणसे झोपतात आणि उरलेल्यांसाठी दिवाणखान्यात, गच्चीलगतच्या खोलीत, कधी व्हरांड्यातही गाद्या अंथरल्या जातात. सोमवारी त्या गुंडाळून जिन्याखालच्या कोठीत एकावर एक रचल्या जातात आणि पुढच्या शनिवारी वरून जी हाताला येईल ती उचलली जाते. ढेकणाला जे हवे असते ते सगळे या ढिगात आहे: अंधार, स्थिरता, कापडाच्या दुमडी, आणि दर आठवड्याला न चुकता मिळणारी माणसाची ऊब. ढिगातल्या एका गादीत ढेकूण असले की काही आठवड्यांत आजूबाजूच्या गाद्यांत पसरतात, आणि मग शनिवारी रात्री त्या गाद्या घरातल्या प्रत्येक खोलीत एकेक करून पोहोचवल्या जातात, तेही आपल्याच हातांनी.

फवारणी करणारा माणूस येतो तेव्हा त्याला शयनगृहे दाखवली जातात. कोठी दाखवली जात नाही, कारण तिथे कोणी झोपत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका बंगल्यात पलंग बदलून झाले, डोक्याकडच्या फळ्या काढून टाकल्या गेल्या, एका खोलीचा तर गिलावाही नव्याने झाला, आणि तरीही कोपऱ्यातल्या त्याच खोलीत ढेकूण पुन्हा पुन्हा सापडत राहिले. जिन्याखालच्या कोठीचे दार त्या खोलीच्या उंबऱ्याला लागून होते आणि गाद्या कमी पडल्या की पहिली गादी त्याच खोलीत जात असे. कोठी रिकामी करून तिच्या भिंतींच्या भेगा बुजवल्यावर आणि गाद्या ठरावीक खोल्यांना वाटून दिल्यावर ती खोली शांत झाली.

दुसरी वाट बाहेरून येते. हळद, साखरपुडा, वाढदिवस अशा कार्यक्रमांसाठी गाद्या, तक्के आणि रजया मंडप-डेकोरेटरकडून भाड्याने आणल्या जातात. काल ज्या गाद्या कळव्याच्या एखाद्या सभागृहात होत्या, त्या आज तुमच्या दिवाणखान्यात असतात आणि उद्या घोडबंदर रस्त्यावरच्या दुसऱ्या कार्याला जातात. डेकोरेटर मुद्दाम काही करतो असे नाही; त्याच्या गोदामात शेकडो गाद्या एकमेकींना खेटून असतात आणि प्रत्येक गादी तपासणे त्याला परवडत नाही. भाड्याच्या गाद्या टाळता आल्या तर उत्तम. टाळता येत नसतील तर त्या भर उजेडात अंगणात उलगडून, शिवणी पाहून मगच आत घ्याव्यात, आणि कार्यक्रम संपल्यावर एका रात्रीपुरत्याही त्या आपल्या कोठीत ठेवू नयेत.

धोब्याचे गाठोडे ही तिसरी वाट. गरम पाण्यात धुतलेल्या चादरीत ढेकूण वाचत नाही, परंतु मळक्या चादरी ज्या कापडात बांधून नेल्या त्याच कापडात धुतलेल्या चादरी परत आल्या तर धुण्याचा काही उपयोग होत नाही. मळक्या आणि धुतलेल्या कपड्यांसाठी वेगळ्या रंगाच्या पिशव्या ठेवल्या की हा प्रश्न फारशा खर्चाविना सुटतो. पिंजाऱ्याकडून गादी नव्याने भरून घेतानाही असाच घोटाळा होतो. ढेकूण कापसाच्या पोटात खोलवर राहत नाही, तो कापडाच्या शिवणीत राहतो. म्हणून कापूस पिंजला पण जुनीच खोळ पुन्हा शिवली, तर ढेकणांचे घर जसेच्या तसे परत आले असे समजावे. खोळ नवी घ्यावी आणि जुनी उकळत्या पाण्यात टाकून मगच घराबाहेर काढावी.

यावर उपाय फार सोपा आहे आणि कदाचित म्हणूनच तो केला जात नाही. प्रत्येक गादीच्या कोपऱ्यावर पक्क्या शाईने खोली आणि क्रमांक लिहावा, ती गादी त्याच खोलीत किंवा त्या खोलीसाठी राखलेल्या कप्प्यातच ठेवावी, आणि नाइलाजाने दुसरीकडे न्यावी लागली तर तारीख, गादीचा क्रमांक आणि खोली एका वहीत टिपावी. केअरटेकरला हे काम जाचक वाटते, हे मान्य. परंतु पुढच्या वेळी एखाद्या खोलीत काळे ठिपके दिसले तर त्या खोलीत गेल्या महिन्यात कोणती गादी आली होती हे या वहीतूनच कळते, आणि सगळा बंगला फवारण्याऐवजी नेमक्या जागी काम करता येते. गाद्यांना फिकट रंगाची, पूर्ण बंद होणारी चेनची आवरणे घातली तर शिवणी आणि टाके दोन्ही झाकले जातात, ठिपके चटकन दिसतात आणि आत राहिलेले ढेकूण आतच उपाशी मरतात. त्यासाठी आवरण किमान वर्षभर काढू नये आणि चेनच्या टोकाशी राहणारी फट चिकटपट्टीने बंद करावी.

फवारणीचे गणित कुठे बिघडते

मादी रोज साधारण एक ते पाच अंडी घालते आणि आयुष्यभरात दोनशेहून अधिक अंडी घालू शकते. पूर्ण नवा प्रादुर्भाव सुरू होण्यासाठी फळलेली एकच मादी पुरेशी असते. ठाण्याच्या तापमानात अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात. त्यानंतर पिल्लू पाच वेळा कात टाकते, प्रत्येक वेळी त्याआधी त्याला एकदा पोटभर रक्त लागते, आणि अनुकूल परिस्थितीत अंड्यापासून प्रौढ होण्यास सुमारे पाच आठवडे लागतात. बहुतेक फवारण्या चालत्या ढेकणांवर चालतात आणि अंड्यांवर पुरेशा चालत नाहीत. त्यामुळे पहिल्या फवारणीनंतर दोन आठवडे शांतता लाभणे आणि मग पुन्हा चावे सुरू होणे हे औषध निरुपयोगी असल्याचे लक्षण नसून दुसरी फेरी झाली नसल्याचे लक्षण असू शकते. दुसरी फेरी पहिल्यानंतर दहा ते चौदा दिवसांत, म्हणजे अंडी फुटून झाल्यावर पण पिल्ले वयात येण्याआधी व्हायला हवी, आणि तपासणीत काही सापडल्यास तितक्याच अंतराने तिसरी.

इथे वार्षिक कराराचा मुद्दा येतो. झुरळे आणि मुंग्यांसाठी तीन-तीन महिन्यांनी भेट देणारा करार ठीक असतो. त्याच करारात ढेकूणही घातले की कागदावर काम पूर्ण दिसते, परंतु दोन भेटींच्या मधल्या काळात ढेकणांच्या दोन पिढ्या निघून जातात. करार करताना ढेकणांसाठी दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने सलग भेटी आणि त्यानंतरची तपासणी असे स्वतंत्र कलम लिहून घ्यावे. ज्याला ते मान्य नाही त्याला झुरळांपुरते बोलवावे.

दुसरी अडचण प्रतिकारशक्तीची आहे. डीडीटी सर्रास वापरात आल्यानंतर थोड्याच वर्षांत, १९४० च्या दशकाच्या अखेरीसच, त्याला दाद न देणारे ढेकूण आढळू लागले होते, आणि आज डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारख्या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांविषयी जगभर तोच अनुभव आहे. अशा ढेकणांवर त्याच गटातले औषध दुप्पट मारल्याने खोलीतल्या माणसांना अधिक त्रास होतो, ढेकणांना नाही. म्हणून फवारणीवाल्याला औषधाचे बाजारी नाव न विचारता त्यातल्या घटकाचे नाव विचारावे, ते वहीत लिहून ठेवावे आणि दोन फेऱ्यांनी फरक पडला नाही तर वेगळ्या गटातले औषध मागावे. कंपनी बदलली पण घटक तोच राहिला, असे फार वेळा होते. ‘हर्बल’, ‘बिनवासाचे’ असे शब्द ऐकून समाधान मानू नये. वास नसणे आणि निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सोमवार ते शुक्रवार बंगला बंद ठेवल्याने ढेकूण उपासमारीने मरतील, अशीही एक समजूत आहे. प्रौढ ढेकूण रक्ताविना कित्येक आठवडे, थंड हवेत तर अनेक महिने तग धरतो. पाच दिवसांची त्याला कसली पत्रास? माणसाच्या शरीराची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांच्या मागावर तो बाहेर पडतो, आणि मोठ्या घरात माणूस नसेल तर जिथे माणूस आहे त्या दिशेला, म्हणजे बहुतेक वेळा केअरटेकरच्या खोलीकडे सरकतो.

काम कोणत्या क्रमाने करावे

सर्वांत आधी एक मनाई: ढेकूण सापडलेल्या खोलीतले सामान उघडेच उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ नये. चादरी, उशा, पडदे त्याच खोलीत जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून तोंड बांधून मगच बाहेर काढावेत. लागून असलेल्या खोल्या, आणि वर-खाली खोल्या असतील तर त्याही, त्याच दिवशी तपासाव्यात. वाशी किंवा खारघरमध्ये इमारतीतली सदनिका पर्यटकांना दिली जात असेल तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण तिथे भिंतीतल्या विजेच्या नळ्या आणि पाइपांभोवतीच्या फटी यांतून ढेकूण शेजाऱ्याकडे जातात आणि तुमची फवारणी संपली की परत येतात. शेजाऱ्याशी मोकळेपणाने बोलण्यावाचून त्यावर उपाय नाही.

ढेकणाविरुद्ध सर्वांत खात्रीचे शस्त्र उष्णता आहे, आणि तिच्याविरुद्ध ढेकणांत प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. सुमारे ४८ अंश सेल्सिअस तापमानात प्रौढ ढेकूण वीसेक मिनिटांत मरतो; अंड्यांना त्याच तापमानात तासापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून चादरी, अभ्रे आणि पडदे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत. हीटर असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये तशी सोय असते. न धुता येणाऱ्या वस्तूंसाठी गरम ड्रायरचा अर्धा तास पुरतो. पुस्तके, पत्त्यांचे जोड, खेळणी अशा बारीकसारीक वस्तू पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवल्या तरी काम होते.

लोखंडी किंवा साध्या लाकडी खाटेच्या सांध्यांवर उकळते पाणी ओतण्याची आपल्याकडची जुनी रीत आजही उपयोगाची आहे, कारण पाणी जिथे पोहोचते तिथे अंडीसुद्धा वाचत नाहीत. प्लायवुडच्या पलंगाला ती चालणार नाही. तिथे वाफेचे यंत्र वापरावे. यंत्राचे तोंड सांध्यावरून अगदी हळू फिरवावे, वाफेचा झोत जोराचा ठेवू नये, कारण जोराच्या झोताने ढेकूण मरण्याऐवजी उडून दुसरीकडे पडतात. वाफ फिरून गेल्यावर पृष्ठभाग ७० ते ८० अंशांपर्यंत तापलेला असला पाहिजे. गाद्या उन्हात घालण्याविषयी मात्र सावध असावे. मे महिन्यातल्या ठाण्याच्या उन्हात गादीची वरची बाजू चांगली तापते, परंतु खालची बाजू आणि आतली दुमड तापत नाही, आणि ढेकूण तितका वेळ चालत सावलीच्या बाजूला जातो. ऊन गादीतला ओलावा घालवण्यासाठी चांगले. ढेकणांसाठी त्यावर विसंबू नये. पावसाळ्याचे चार महिने तर तेही मिळत नाही.

वाफेआधी व्हॅक्यूम क्लीनरचे अरुंद तोंड लावून शिवणी आणि भेगा ओढून घ्याव्यात. यंत्रातली पिशवी लगेच प्लास्टिकमध्ये बंद करून फेकावी, नाहीतर ते यंत्रच पुढच्या खोलीत ढेकूण घेऊन जाते. मग भिंतीच्या भेगा, चौकटींच्या कडा आणि प्लायवुडचे उघडे काठ पुट्टीने किंवा सिलिकॉनने बुजवावेत. स्विचबोर्डमध्ये पातळ औषध कधीही मारू नये. मुख्य वीजप्रवाह बंद करून जाणकाराकडून तिथे सिलिका किंवा डायटमी मातीची कोरडी पूड अगदी विरळ भुरभुरून घ्यावी. ही पूड ढेकणाच्या अंगावरचा मेणासारखा थर बिघडवते आणि तो सुकून मरतो. त्याला काही दिवस लागतात, आणि दमट हवेत अधिकच वेळ लागतो, त्यामुळे येऊरच्या जुलै-ऑगस्टमध्ये तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. हे सगळे झाल्यावर फवारणी करावी. आधी फवारणी करून नंतर पुसणे, धुणे आणि व्हॅक्यूम करणे हा क्रम पाळणारे अनेक जण पाहिले आहेत. त्यात मारलेले औषधच पुसून निघते.

जिवावर बेतणारे उपाय

डायक्लोरव्हॉस हे तीव्र वासाचे औषध एकेकाळी घरोघरी ढेकणांसाठी वापरले जाई. त्याचा वापर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे, तरीही ‘जुने औषध फार चांगले होते’ असे म्हणत कोणी ते आणून देऊ लागला तर नकार द्यावा. त्याहून घातक प्रकार म्हणजे धान्याच्या कोठारात वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या खोलीत ठेवणे. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, तो दाराच्या फटीतून आणि भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलीत जातो, आणि तिथे झोपलेली माणसे, विशेषतः लहान मुले, यामुळे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. राहत्या घरात या गोळ्यांना कोणत्याही कारणाने थारा देऊ नये. कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये व्यावसायिक फवारणी करणाऱ्याकडे परवाना असणे आवश्यक आहे. तो पाहायला मागण्यात संकोच कसला?

रॉकेल किंवा पेट्रोल शिंपडणे म्हणजे जंगलालगतच्या घरात आगीला आमंत्रण. धूर सोडणारे डबे आणि फॉगिंग यांनी ढेकूण भेगांत आणखी खोल जातात आणि खोलीभर विखुरतात. फवारणीनंतर उरलेले औषध आणि पंप धुतलेले पाणी अंगणातल्या चरात ओतू नये, कारण येऊरचे उतारावरचे पाणी ओढ्यांना मिळते आणि पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत विषारी असतात. घरात मत्स्यपेटी किंवा मांजर असेल तर फवारणीवाल्याला ते आधीच सांगावे.

केअरटेकर आणि पाहुणे

केअरटेकरची खोली ही सर्वांत शेवटी आठवली जाणारी खोली असते. पाहुण्यांसाठी नको झालेली जुनी गादी बहुतेक वेळा त्याच्याच कुटुंबाला दिली जाते, आणि त्या गादीतले ढेकूण त्याच्या लेकराबाळांना चावत राहतात; तो नोकरीच्या भीतीने बोलत नाही. ती खोली आणि ती गादी पाहुण्यांच्या खोल्यांबरोबर त्याच दिवशी, मालकाच्या खर्चाने हाताळली जावी. यात माणुसकीचा भाग आहेच, शिवाय ती खोली सुटली तर बाकी सर्व काम वाया जाते. ढेकूण स्वच्छ घरातही येतात, त्यामुळे कळवणाऱ्या माणसाला दोष दिला जाणार नाही एवढी खात्री केअरटेकरला मिळाली पाहिजे.

पाहुण्याने तक्रार केली तर वाद घालू नये. त्याच्यासमोरच गादी उलटून पाहावी. ढेकूण सापडले तर त्याला लागूनच्या खोलीत हलवू नये आणि त्याच्या बॅगा उघड्या हलवू नयेत. पिशवीत बंद करून, मध्ये किमान एक खोली सोडून हलवावे, किंवा भाडे परत करावे. भाडे परत करण्यातला तोटा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालच्या तक्रारीपेक्षा आणि लोकांच्या बोलण्यापेक्षा नेहमीच कमी असतो. ढेकणाच्या चाव्यातून माणसाला रोगाचा संसर्ग होतो असे सिद्ध झालेले नाही, हे त्याला सांगायला हरकत नाही. मात्र खाजवून जखम झाली किंवा अंगावर मोठ्या गांधी उठल्या तर डॉक्टरांकडे जायलाच हवे.

मुक्कामाला जाणाऱ्यांनीही थोडी काळजी घ्यावी. खोलीत शिरल्यावर बॅग पलंगावर न टाकता स्नानगृहातल्या लाद्यांवर ठेवावी आणि उशाकडची शिवण टॉर्चने पाहून मगच सामान लावावे. घरी परतल्यावर बॅग बाल्कनीत उघडावी, कपडे थेट धुवायला टाकावेत आणि बॅगेच्या शिवणी, चेन व चाकांजवळचे खळगे तपासावेत.

ढेकूण संपले हे कधी म्हणावे

चावे थांबले म्हणून काम बंद करू नये. पलंग भिंतीपासून वीतभर दूर ओढावा, चादर जमिनीला टेकू देऊ नये आणि प्रत्येक पायाखाली एक सापळ्याची वाटी ठेवावी, म्हणजे पलंगावर चढू पाहणारे ढेकूण तिथे अडकतात. बाजारात मिळणाऱ्या अशा गुळगुळीत वाट्या मूळतः थंड देशांतल्या जातीसाठी बनवलेल्या आहेत. आपल्याकडची उष्ण कटिबंधातली जात गुळगुळीत भिंतीवर अधिक चांगली चढते आणि कधी कधी त्यांतून निसटते. म्हणून वाटीच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर फासावी आणि पावसाळ्यात ती वारंवार बदलावी, किंवा साध्या वाटीत साबणाचे पाणी घालावे. कोठीत माणूस झोपत नसल्याने तिथे वाट्यांवर विसंबता येत नाही. तिथे गाद्यांच्या क्रमांकांप्रमाणे दर आठवड्याला शिवणी तपासाव्या लागतात.

शेवटच्या फवारणीनंतर सलग आठ आठवडे वाट्यांत काही सापडले नाही, आवरणांवर नवे ठिपके दिसले नाहीत आणि कोठीतल्या गाद्या निर्मळ राहिल्या, तर त्या बंगल्यापुरते ढेकूण संपले असे धरावे. या आठ आठवड्यांत भाड्याची एकही गादी आत आली असेल, तर ज्या दिवशी ती आली त्या दिवसापासून मोजणी पुन्हा सुरू करावी.